रिलेटेड रेट्सची गणितं: आकडे भरायची घाई नको

अवकलनाचे, म्हणजे बदलाचा दर काढण्याचे, सगळे नियम तोंडपाठ असलेले विद्यार्थीही रिलेटेड रेट्सपाशी, म्हणजे एकमेकींशी बांधलेल्या राशींच्या दरांच्या गणितांपाशी, अडखळतात. साखळी नियम येतो, गुणाकाराचा नियम येतो, पण फुगा, शिडी, शंकूच्या आकाराची टाकी असं काही समोर आलं की सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. खरं तर या गणितांतलं अवकलन जेमतेम दोन ओळींचं असतं. गाडी अडते ती त्याच्या आधी. कोणती राशी बदलते आहे, कोणती स्थिर आहे आणि दिलेला आकडा कायम खरा आहे की फक्त एका क्षणापुरता, हे वेगळं काढता आलं पाहिजे. ते जमलं की उरलेलं काम यांत्रिक आहे.

गणिताची ठेवण नेहमी एकच असते. दोन किंवा जास्त राशी एका समीकरणाने एकमेकींशी बांधलेल्या असतात. त्यातली एक ठरावीक दराने बदलते आणि दुसरी किती दराने बदलते ते विचारलेलं असतं.

चिन्हं आणि साखळी नियम

पुढे क्ष, य ही अंतरं, त्र ही त्रिज्या, उ ही उंची आणि घ हे घनफळ असेल. क्ष′, म्हणजे क्ष डॅश, याचा अर्थ क्ष हा वेळेप्रमाणे बदलण्याचा दर. न्यूटन यासाठी अक्षराच्या डोक्यावर टिंब देत असे आणि भौतिकशास्त्रात ते टिंब आजही चालतं. इथे एक सवय मोडावी लागते. एरवी डॅश दिसला की आपण क्ष-सापेक्ष अवकलन समजतो, या प्रकरणात मात्र सगळं अवकलन वेळेसापेक्ष आहे. म्हणून त्र³ चा अवकलज ३त्र² नाही, तर ३त्र²·त्र′ आहे. त्रिज्या स्वतःच वेळेचं फल आहे, म्हणजे वेळेप्रमाणे बदलते, त्यामुळे साखळी नियमाने शेवटी त्र′ लागतोच. क्ष·य या गुणाकाराचा अवकलज क्ष′·य + क्ष·य′. आणि जी राशी बदलतच नाही, तिचा अवकलज शून्य.

अवकलन झाल्यावर एक साधी तपासणी करावी. समीकरणातल्या प्रत्येक बदलत्या अक्षराचा डॅश उजव्या-डाव्या बाजूला कुठे ना कुठे आला आहे का? एखादा गळला असेल तर चूक तिथेच आहे.

शिडीच्या उदाहरणावर सगळ्या पायऱ्या

साडेसहा मीटर लांबीची शिडी उभ्या भिंतीला टेकवलेली आहे. तिचं खालचं टोक भिंतीपासून दूर, ०.५ मीटर प्रति सेकंद या दराने सरकत आहे. ते टोक भिंतीपासून २.५ मीटरवर असेल त्या क्षणी वरचं टोक किती वेगाने खाली येत असेल?

पहिली पायरी आकृतीची. काटकोन त्रिकोण काढा, पण तो कोणत्याही एका क्षणाचा, २.५ मीटरच्या क्षणाचा नव्हे. आडव्या बाजूवर क्ष लिहा, उभ्या बाजूवर य, आणि कर्णावर ६.५. कर्णावर आकडा चालतो, कारण शिडीची लांबी बदलत नाही. आडव्या बाजूवर २.५ लिहिण्याचा मोह आवरा.

दुसऱ्या पायरीत माहितीचे तीन रकाने करा. कायम खरं: लांबी ६.५, क्ष′ = ०.५. त्या क्षणापुरतं खरं: क्ष = २.५. विचारलेलं: य′. हे कागदावर लिहिणं कंटाळवाणं वाटतं आणि म्हणूनच बहुतेक जण ते टाळतात. पण निम्म्याहून अधिक चुका याच जागी थांबतात, त्यामुळे निदान पहिली काही गणितं तरी रकाने आखूनच करावीत.

तिसरी पायरी समीकरणाची. पायथागोरसच्या प्रमेयावरून क्ष² + य² = ४२.२५. शिडी घसरत असताना प्रत्येक क्षणी हे खरं आहे. कायम खरं असलेल्या समीकरणाचंच अवकलन करता येतं.

चौथ्या पायरीत वेळेसापेक्ष अवकलन करा: २क्ष·क्ष′ + २य·य′ = ०. दोनने भागून क्ष·क्ष′ + य·य′ = ०. वर्गमूळ काढून य एकटा करायची आणि मग अवकलन करायची गरज नाही. तसंही उत्तर तेच येतं, पण वर्गमूळ वागवत बसावं लागतं.

आता तिसऱ्या रकान्यातला य′ काढायला क्ष, क्ष′ आणि य हवेत. य दिलेला नाही. तो मूळ समीकरणातून मिळतो: य² = ४२.२५ − ६.२५ = ३६, म्हणजे य = ६. असा एखादा न दिलेला आकडा जवळजवळ प्रत्येक गणितात असतो, आणि तो काढायला दरवेळी अवकलनाच्या आधीच्या समीकरणाकडेच परत जायचं असतं.

मगच आकडे भरायचे: २.५ × ०.५ + ६ × य′ = ०, म्हणून य′ = −१.२५/६ ≈ −०.२०८ मीटर प्रति सेकंद. ऋण चिन्ह म्हणजे उंची कमी होते आहे. प्रश्न ‘किती वेगाने खाली येते’ असा असेल, तर उत्तर ‘सुमारे ०.२०८ मीटर प्रति सेकंद वेगाने खाली’ असं लिहावं. ‘−०.२०८ वेगाने खाली’ असं लिहिलं, तर टोक वर चाललं आहे असा अर्थ होतो.

आता घाई केली तर काय होतं ते पाहा. क्ष = २.५ आधीच भरलं तर समीकरण ६.२५ + य² = ४२.२५ असं होतं. याचं अवकलन २य·य′ = ०, म्हणजे य′ = ०. शिडीचं खालचं टोक सरकतं आहे आणि वरचं जागेवर गोठलं आहे! समीकरण हा व्हिडिओ असेल तर २.५ हा त्यातला एक फोटो आहे. फोटोत काहीच हलत नाही, त्यामुळे फोटोचं अवकलन केलं की शून्यच मिळतं. उत्तर अकारण शून्य आलं, तर आकडा आधी भरला गेला असं जवळजवळ नक्की समजावं.

उत्तराची खात्री कॅल्क्युलेटरवर करता येते. ०.१ सेकंदानंतर क्ष = २.५५, तेव्हा य = √(४२.२५ − ६.५०२५) ≈ ५.९७८९. म्हणजे टोक ०.०२११ मीटर खाली आलं, सरासरी ०.२११ मीटर प्रति सेकंद. ०.०१ सेकंद घेतला तर हीच सरासरी ०.२०८६ येते. आकडा ०.२०८३ कडे सरकताना दिसतो. परीक्षेत एवढा वेळ नसतो, पण घरी सराव करताना एकदा तरी हे करून पाहावं. ‘त्या क्षणीचा दर’ म्हणजे काय, हे व्याख्येपेक्षा यातून जास्त चांगलं समजतं.

याच समीकरणातून आणखी एक गोष्ट निघते. य′ = −क्ष·क्ष′/य. खालचं टोक ६ मीटरवर पोचलं की य = २.५ आणि य′ = −१.२. खालचं टोक त्याच संथ गतीने सरकत असूनही वरचं टोक जवळपास सहापट वेगाने पडू लागलं. य शून्याकडे गेला की हा वेग अनंताकडे जातो. खऱ्या शिडीचं असं होत नाही. वरचं टोक भिंतीला टेकूनच राहील हे आपलं गृहीतक आहे, पण ते टिकवायला जेवढ्या झपाट्याने टोक खाली यायला हवं तेवढं गुरुत्वाकर्षण शेवटी शेवटी पुरं पडत नाही. टोक भिंत सोडतं आणि पायथागोरसचं समीकरण तिथे लागू राहत नाही. गणित चुकलेलं नसतं, त्याची हद्द संपलेली असते.

फुगा: त्रिज्या की व्यास

गोल फुग्यात दर सेकंदाला ७२ घन सेंमी हवा भरली जाते. त्रिज्या ६ सेंमी असताना ती किती दराने वाढते? घ = (४/३)πत्र³, म्हणून घ′ = ४πत्र²·त्र′. ७२ = १४४π·त्र′, म्हणजे त्र′ = १/(२π) ≈ ०.१५९ सेंमी प्रति सेकंद. त्रिज्या १२ सेंमी झाली की हाच दर एक चतुर्थांश होतो, सुमारे ०.०४०. हवा तेवढीच येते, पण ती चौपट पृष्ठफळावर पसरते.

इथे गणित करण्यापेक्षा वाचण्यात चूक होते. ‘व्यास १२ सेंमी असताना’ असं दिलेलं असतं आणि सूत्रात १२ भरला जातो. शिवाय विचारलेला दर व्यासाचा असेल तर उत्तर त्र′ च्या दुप्पट, ०.३१८. घनफळाचा दर दिला आहे की त्रिज्येचा, हे न कळल्यास एककाकडे पाहा. घन सेंमी प्रति सेकंद म्हणजे घ′, सेंमी प्रति सेकंद म्हणजे त्र′ किंवा व्यासाचा दर, चौरस सेंमी प्रति सेकंद म्हणजे क्षेत्रफळाचा दर.

शंकूची टाकी

या प्रकरणातलं सगळ्यात जास्त फसवणारं गणित हेच. टोक खाली असलेली शंकूच्या आकाराची टाकी ६ मीटर उंच आहे, वरच्या तोंडाची त्रिज्या २ मीटर. दर मिनिटाला ८०० लिटर पाणी आत येतं आणि तळाच्या गळतीतून २०० लिटर बाहेर जातं. पाण्याची खोली ३ मीटर असताना पातळी किती दराने वाढते?

आधी एककं सारखी करून घ्या. १ घन मीटर म्हणजे १००० लिटर, तेव्हा आवक ०.८ आणि जावक ०.२ घन मीटर प्रति मिनिट. घ म्हणजे टाकीतल्या पाण्याचं घनफळ, त्यामुळे घ′ = ०.८ − ०.२ = ०.६. टाकीचं घनफळ आणि पाण्याचं घनफळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टाकी बदलत नाही, पाणी बदलतं. ६ आणि २ हे टाकीचे आकडे आहेत, उ आणि त्र ही पाण्याची मापं.

सूत्र घ = (१/३)πत्र²उ. यात दोन चल आहेत आणि त्र′ बद्दल काहीच दिलेलं नाही. मग त्र ला उ च्या भाषेत लिहावं लागतं. टाकीचा उभा छेद काढला की पाण्याचा छोटा त्रिकोण आणि टाकीचा मोठा त्रिकोण समरूप दिसतात: त्र/उ = २/६, म्हणजे त्र = उ/३. हे नातं प्रत्येक खोलीला खरं आहे, म्हणून ते अवकलनाच्या आधी बिनधास्त वापरता येतं. घ = πउ³/२७, आणि घ′ = (πउ²/९)·उ′. उ = ३ भरल्यावर ०.६ = π·उ′, म्हणून उ′ = ०.६/π ≈ ०.१९१ मीटर प्रति मिनिट, साधारण १९ सेंमी.

चूक अशी होते. खोली ३ मीटर असताना त्रिज्या १ मीटर येते, हे काढून ती १ सूत्रात आधीच भरली जाते. घ = (१/३)πउ, घ′ = (π/३)·उ′, आणि उ′ = १.८/π ≈ ०.५७३. बरोबर उत्तराच्या तिप्पट. त्र = १ हे फक्त त्या क्षणापुरतं आहे, त्र = उ/३ हे कायमचं. दोन्ही विधानं खरी आहेत, पण अवकलनात दुसरंच चालतं. गंमत म्हणजे हा ०.५७३ आकडा अगदीच निरर्थक नाही. रिकाम्या टाकीपासून याच दराने भरत ३ मीटरपर्यंत यायला π/०.६, म्हणजे सुमारे ५.२४ मिनिटं लागतात, आणि ३ भागिले ५.२४ केलं की ०.५७३ च येतो. तो सरासरी दर आहे. खाली टाकी अरुंद असल्याने पातळी आधी भराभर चढली आणि आता मंदावली, म्हणून क्षणाचा दर सरासरीपेक्षा कमी आहे.

त्र ला उ मध्ये बदलणं आवडत नसेल तर गुणाकाराचा नियमही चालतो. घ′ = (π/३)(२त्र·त्र′·उ + त्र²·उ′). त्र = उ/३ वरून त्र′ = उ′/३. त्र = १, उ = ३ भरल्यावर कंसात २उ′ + उ′ = ३उ′ येतं, म्हणजे घ′ = π·उ′. उत्तर तेच. फक्त या वाटेत त्र′ विसरण्याची शक्यता जास्त, म्हणून नवख्याने आधी एक चल कमी करावा हे बरं.

उत्तर पडताळायचा एक छोटा मार्ग कोणत्याही आकाराच्या भांड्याला लागू पडतो: घनफळाचा दर = त्या क्षणीच्या पाण्याच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ × पातळीचा दर. इथे पृष्ठभाग म्हणजे १ मीटर त्रिज्येचं वर्तुळ, क्षेत्रफळ π. ०.६ = π·उ′. एका ओळीत उत्तर. पेपरात पूर्ण रीत लिहा, पण शेजारी ही ओळ करून पाहा. तीच टाकी टोक वर करून ठेवली तर ३ मीटर खोलीला पृष्ठभागाची त्रिज्या पुन्हा १ मीटरच येते आणि दरही तोच. फरक पुढे पडतो. उलट्या शंकूत पातळी मंदावत जाते, सुलट्या शंकूत वरच्या टोकाकडे जाताना वेग वाढत जातो.

चिन्हांचा घोळ

एका चौकात दोन रस्ते काटकोनात मिळतात. एक गाडी पश्चिमेकडून चौकाकडे ताशी ५० किमी वेगाने येत आहे आणि चौकापासून ०.३ किमीवर आहे. दुसरी चौक ओलांडून उत्तरेकडे ताशी ६० किमी वेगाने चालली आहे आणि ०.४ किमीवर आहे. दोघींमधलं अंतर वाढतंय की घटतंय, आणि किती दराने?

अंतर स मानू: स² = क्ष² + य², स·स′ = क्ष·क्ष′ + य·य′. त्या क्षणी स = ०.५. पहिली गाडी चौकाजवळ येत असल्याने क्ष कमी होतो आहे, म्हणून क्ष′ = −५०. दुसरीचं य′ = +६०. मग स′ = (−१५ + २४)/०.५ = १८. अंतर ताशी १८ किमी दराने वाढतं आहे. ऋण चिन्ह विसरलं तर ७८ येतं आणि उत्तर दिसायला पटण्यासारखंच असतं, म्हणून ही चूक सापडत नाही. वेग धन लिहायचा की ऋण, हे गाडीच्या दिशेवरून ठरवू नका. आपण नाव दिलेलं अंतर वाढतं की घटतं, यावरून ठरवा. आणि हे चिन्ह रकाने आखतानाच लावून टाका.

सावली आणि होडी

५.४ मीटर उंच दिव्याच्या खांबापासून १.८ मीटर उंचीचा माणूस १.२ मीटर प्रति सेकंद वेगाने दूर चालला आहे. माणूस खांबापासून क्ष अंतरावर, सावलीची लांबी स. समरूप त्रिकोणांवरून (क्ष + स)/५.४ = स/१.८, म्हणजे क्ष + स = ३स, स = क्ष/२. म्हणून स′ = ०.६ मीटर प्रति सेकंद. प्रश्नात ‘सावली किती दराने लांबते’ असेल तर हे उत्तर. ‘सावलीचं टोक किती वेगाने पुढे जातं’ असं विचारलं असेल तर क्ष′ + स′ = १.८. दोन प्रश्न एकाच वाक्याच्या फरकाने बदलतात. शिवाय ‘माणूस खांबापासून ४ मीटरवर असताना’ असं दिलेलं असलं तरी तो आकडा कुठेच लागत नाही, कारण समीकरण सरळ रेषेचं आहे आणि दर सगळीकडे सारखाच. दिलेला आकडा वापरला गेला नाही म्हणून बिचकू नये.

होडीचं उदाहरण अंतर्ज्ञानाला चकवतं. धक्क्यावरची कप्पी होडीच्या टोकापेक्षा ३ मीटर उंचावर आहे आणि दोर ०.५ मीटर प्रति सेकंद वेगाने ओढला जातो. दोर ५ मीटर उरला असताना होडी किती वेगाने येते? अनेक जण दोराच्या वेगाचा आडवा घटक काढतात आणि ०.४ लिहितात. समीकरण काय म्हणतं पाहा: दोर द, तर द² = क्ष² + ९, म्हणून द·द′ = क्ष·क्ष′. क्ष = ४, द′ = −०.५, आणि क्ष′ = −०.६२५. होडी दोरापेक्षा जास्त वेगाने येते. दोराचा वेग हा होडीच्या वेगाचा घटक आहे, उलट नाही. अशा ठिकाणी मनातल्या चित्रापेक्षा समीकरणावर विश्वास ठेवावा.

कोन असेल तेव्हा

निरीक्षकापासून २०० मीटरवरून एक फुगा सरळ वर, ४ मीटर प्रति सेकंद वेगाने जातो. तो १५० मीटर उंचीवर असताना उन्नतकोन क किती दराने वाढतो? साइन, कॉस, टॅन यांतलं कोणतं घ्यायचं? ज्यात स्थिर बाजू येते ते. इथे पायाची बाजू २०० स्थिर आहे, म्हणून टॅन क = उ/२००. साइन घेतलं तर छेदात बदलता कर्ण येतो आणि काम वाढतं.

अवकलन: सेक² क·क′ = उ′/२००. कोन काढत बसायची गरज नाही. त्या क्षणी कर्ण २५०, सेक क = २५०/२०० = १.२५, वर्ग १.५६२५. उजवी बाजू ०.०२. क′ = ०.०२/१.५६२५ = ०.०१२८ रेडियन प्रति सेकंद. टॅनचा अवकलज सेक² हा नियम कोन रेडियनमध्ये असतानाच खरा आहे, म्हणून उत्तर आपोआप रेडियनमध्ये येतं. अंशांत हवं असेल तर १८०/π ने गुणा: सुमारे ०.७३ अंश प्रति सेकंद. उत्तरापुढे नुसतं ‘०.०१२८’ लिहून एकक सोडलं तर वाचणारा ते अंश समजू शकतो.

समीकरण सापडत नसेल तर

बहुतेक गणितं चार-पाच ठिकाणांहूनच येतात. काटकोन आणि अंतरं असतील तर पायथागोरस. दिवा-सावली किंवा निमुळतं भांडं असेल तर समरूप त्रिकोण. भरणं-गळणं असेल तर घनफळाचं सूत्र. कोन असेल तर त्रिकोणमिती. काही वेळा समीकरण विज्ञानातून येतं. उदाहरणार्थ, तापमान स्थिर असताना वायूचा दाब × आकारमान स्थिर असतं, हा बॉइलचा नियम. दाब द आणि आकारमान घ धरलं तर द′·घ + द·घ′ = ०. द = १२० किलोपास्कल, घ = ५०० घन सेंमी, घ′ = −२५ घन सेंमी प्रति सेकंद असेल तर द′ = १२० × २५/५०० = ६ किलोपास्कल प्रति सेकंद. आकारमान त्या क्षणी सेकंदाला ५ टक्के दराने घटतं आहे आणि दाब ५ टक्के दराने वाढतो आहे. गुणाकार स्थिर असलेल्या कोणत्याही दोन राशींचं असंच असतं.

सरावासाठी तीन

एक. ५ मीटर लांबीच्या हौदाचा आडवा छेद टोक खाली असलेला समद्विभुज त्रिकोण आहे, वरची रुंदी १.२ मीटर, उंची ०.८ मीटर. दर मिनिटाला ३०० लिटर पाणी येतं. खोली ०.४ मीटर असताना पातळी दर मिनिटाला ०.१ मीटर वाढते. अडलात तर पृष्ठभागाच्या क्षेत्रफळाने पडताळा: रुंदी ०.६, क्षेत्रफळ ३ चौरस मीटर.

दोन. बर्फाचा गोळा असा वितळतो की घनफळ घटण्याचा दर पृष्ठफळाच्या सम प्रमाणात असतो. त्रिज्या स्थिर दराने कमी होते हे दाखवा. इथे एकही आकडा नाही, त्यामुळे घाई करायला वावच नाही. घ′ = −म·४πत्र² (म हा प्रमाणाचा स्थिरांक) आणि घ′ = ४πत्र²·त्र′ समोरासमोर ठेवा, त्र′ = −म.

तीन. आयताची लांबी दर सेकंदाला ३ सेंमी वाढते, रुंदी २ सेंमी घटते. लांबी १०, रुंदी ८ सेंमी असताना क्षेत्रफळ ३×८ − २×१० = ४ चौरस सेंमी प्रति सेकंद दराने वाढतं, परिमिती २ सेंमी प्रति सेकंद दराने, आणि कर्ण (१०×३ − ८×२)/√१६४ ≈ १.०९ सेंमी प्रति सेकंद दराने. क्षेत्रफळ वाढायचं कधी थांबेल? रुंदीची तिप्पट आणि लांबीची दुप्पट समान झाली की. ते इथून एक तृतीयांश सेकंदाने घडतं, लांबी ११ आणि रुंदी २२/३ असताना. त्यानंतर लांबी वाढत राहते, परिमितीही वाढत राहते, पण क्षेत्रफळ घटू लागतं.